कन्सोलची हवा कशी ओळखायची आणि पैसे कधी काढायचे

सांगलीच्या विश्रामबागेत माझं गेम आणि कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, त्यामुळं कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, कुठला घेऊ, कधी घेऊ हे विचारायला लोक येतात आणि गंमत अशी की सगळे एकदमच येतात. महिना महिना कुणी विचारत नाय, मग एखादा ट्रेलर पडतो किंवा एखादा मोठा यूट्यूबर बॉक्स उघडतो आणि दोन दिवसांत शाळेतली पोरं, त्यांचे बाप, इंजिनिअरिंगची कार्टी, सगळ्यांना तेच मशीन पाहिजे असतं. घरातला टीव्ही तोच, पोराची परीक्षा तीच, खिसा पण तोच, मग मधल्या दोन दिवसांत बदललं काय तर हवा. ही हवा कोण सोडतं, कधी सोडतं हे एकदा कळलं की चार पैसे वाचतात, नाहीतर मग सहा महिन्यांनी तेच मशीन "एकदम स्क्रॅचलेस, दोन कंट्रोलर, पाच गेम" असं लिहून विकायला काढलेलं दिसतं.

कन्सोल घेऊ नका असं मी म्हणत नाय, मी स्वतः खेळतो. फक्त पैसे काढायच्या आधी काय काय तपासायचं ते सांगतो.

पहिलं काम, तीन गेमची नावं कागदावर लिहा. अट एकच, गेम आज बाजारात आलेला पाहिजे. "येणार आहे" चालणार नाय. ही अट ऐकली की निम्मी पोरं गप्प होतात कारण त्यांच्या डोक्यात एकच नाव असतं, रॉकस्टार कंपनीचा गेम, जीटीए सिक्स.

आता जीटीए सिक्सचंच बघा, कारण जाहिरातीनं मागणी कशी तयार होते याचं यापेक्षा चांगलं उदाहरण सध्या नाय. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला, २४ तासांत यूट्यूबवर ९ कोटींच्या वर व्ह्यू. ट्रेलरच्या शेवटी लिहिलेलं २०२५. मग मे २०२५ मध्ये कंपनीनं सांगितलं की २६ मे २०२६, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की १९ नोव्हेंबर २०२६. म्हणजे ज्यानं पहिला ट्रेलर बघून २०२४ मध्ये "जीटीएसाठी" म्हणून सोनीचा पीएस फाईव्ह, म्हणजे प्लेस्टेशन फाईव्ह, घेतला त्याची वॉरंटी संपली पण गेम काय आला नाय. आणि दुसरा ट्रेलर आला मे २०२५ मध्ये, तेव्हा रॉकस्टारनं सांगितलं की हे सगळं पीएस फाईव्हवर रेकॉर्ड केलंय. हे एवढं एक वाक्य, पण ते सोनीच्या जाहिरातीसारखं काम करतं बघा. गेम मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि एसवर पण येणार आहे, तरी दुकानात येणारं प्रत्येक पोरगं पीएस फाईव्हच म्हणतं. त्यात पीसीची तारीख जाहीरच नाय केलेली. जीटीए फाईव्हच्या वेळी पण असंच, कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर यायला एप्रिल २०१५ उजाडलं, त्यामुळं चांगला पीसी असलेली पोरं पण आता कन्सोलचे भाव विचारायला लागलीत. थांबायला लावणं हे पण मार्केटिंगच आहे. गेम आला, लोकांनी खेळला, आपल्या मित्रानं चांगलाय म्हणून सांगितलं की मग घ्या. कन्सोल तेव्हाही मिळतील.

ट्रेलर बघायची पद्धत

हे घरी करून बघा, दोन मिनिटं लागतात. ट्रेलर लावा, स्पीड कमी करा आणि सुरुवातीचे पाच आणि शेवटचे दहा सेकंद नीट बघा, चित्राकडं नाय, खालच्या बारीक अक्षरांकडं. तिथं काय लिहिलंय त्यावर सगळं आहे. "सिनेमॅटिक" असेल तर तो सरळ सरळ कार्टून सिनेमा, त्याचा खेळण्याशी संबंध नाय. "इन-इंजिन" म्हणजे गेमच्याच सॉफ्टवेअरमधलं चित्र पण कुणी हातात कंट्रोलर घेऊन खेळतंय असं नाय, कॅमेरा पण त्यांनी पाहिजे तिथं ठेवलेला असतो. "गेमप्ले" लिहिलं असेल तर बरं, पण मग कशावर रेकॉर्ड केलंय ते बघा, बऱ्याचदा ते दोन-तीन लाखांच्या पीसीवर असतं आणि आपण ते बघून पस्तीस हजाराचं मशीन घ्यायला निघतो. खाली काहीच लिहिलं नसेल तर सिनेमॅटिक समजायचं.

२००५ मध्ये ई-थ्री नावाच्या अमेरिकेतल्या गेमच्या जत्रेत सोनीनं पीएस थ्रीसाठी किलझोन टूचा ट्रेलर दाखवला, लोक वेडे झाले, नंतर कळलं की ते आधीच कॉम्प्युटरवर रेंडर करून, म्हणजे सिनेमासारखं बनवून ठेवलेलं चित्र होतं, मशीनवर चालणारा गेम नव्हताच. गेम प्रत्यक्षात २००९ मध्ये आला, आणि खरं सांगायचं तर चांगला होता. पण मधली चार वर्षं त्या एका व्हिडिओनं मशीनची चर्चा चालू ठेवली, आणि कंपनीला तेवढंच पाहिजे असतं.

रिव्ह्यू वाचताना एक प्रश्न विचारा

रिव्ह्यूवाल्यानं गेम कुठल्या मशीनवर खेळलाय? बास, एवढाच प्रश्न. सायबरपंक ट्वेंटी सेव्हंटी सेव्हन या गेमचं प्रकरण आठवत असेल. २०१९ च्या ई-थ्रीमध्ये एक्सबॉक्सच्या स्टेजवर हॉलिवूडचा हिरो कियानू रीव्ह्ज स्वतः आला, टाळ्या, शिट्ट्या, जगभर बातमी. मग त्या गेमच्या नावानं खास रंगाचा एक्सबॉक्स वन एक्स पण काढला, म्हणजे गेम यायच्या आधी गेमच्या नावावर मशीन विकलं. १० डिसेंबर २०२० ला गेम आला, आणि आधीचे जे गोड गोड रिव्ह्यू होते ते सगळे पीसीवर खेळून लिहिलेले, कारण कंपनीनं पीसीचीच कॉपी दिलेली. पीएस फोर आणि जुन्या एक्सबॉक्सवर गेम धड चालतच नव्हता. आठवडाभरात सोनीनं तो स्वतःच्या स्टोअरवरनं काढून टाकला, पैसे परत द्यायला लागले, आणि गेम परत स्टोअरवर आला तो थेट जून २०२१ मध्ये. रिव्ह्यूवाले खोटं बोलले असं पण नाय म्हणता येत, त्यांनी जे बघितलं ते लिहिलं. काय बघायला द्यायचं हे कंपनीनं ठरवलं. म्हणून मी सांगतो, गेम आल्यावर दहा दिवस थांबायचं, तेवढ्यात खरं खोटं बाहेर पडतं.

यूट्यूब आणि इन्स्टावाल्यांचं वेगळं. आपल्याकडं २०२१ पासून जाहिरातींच्या स्वनियमन संस्थेचा, म्हणजे अॅस्कीचा नियम आहे की पैसे घेऊन किंवा फुकट वस्तू घेऊन व्हिडिओ केला असेल तर "अॅड", "कोलॅब", "पार्टनरशिप" असलं काहीतरी दिसेल असं लिहायचं. ते लेबल शोधा. असेल तर तो माणूस वाईट असं नाय, पण ती जाहिरात आहे हे धरून बघा. लेबल नसलं तरी एक टेस्ट आहे माझी, व्हिडिओत फॅनचा आवाज, स्टोरेज किती उरतं, कंट्रोलरचा स्टिक ड्रिफ्ट, यातल्या एका तरी गोष्टीबद्दल तक्रार आहे का बघायचं. एकही नसेल तर त्या माणसानं मशीन दोन दिवस पण वापरलेलं नाय. माझ्या टेबलावर तर रोज ड्रिफ्टवालेच कंट्रोलर असतात, हात न लावता प्लेअर आपोआप डावीकडं चालायला लागतो तो प्रकार.

आणि ज्या मशीनची इथं विक्रीच नाय त्याचे व्हिडिओ बघून जीव जाळून घेऊ नका. जपानची निन्टेन्डो कंपनी तिचा स्विच नावाचा कन्सोल भारतात अधिकृतपणे विकत नाय, जे मिळतात ते बाहेरनं आणलेले. पीएस फाईव्हचं जास्त ताकदीचं मॉडेल, पीएस फाईव्ह प्रो, नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आला तेव्हा भारत यादीतच नव्हता, कारण त्यातल्या वायफायला जो सहा गिगाहर्ट्झचा बँड लागतो त्याला इथं परवानगी नव्हती. तरी हिंदी यूट्यूबवर त्याची अनबॉक्सिंग धडाधड आली, आणि इथं पोरं "प्रो कधी येणार" म्हणून माझं डोकं खायला लागली. असलं मशीन घेतलं की वॉरंटी नाय, पार्ट मिळायला वांदे, आणि बिघडलं की ते माझ्याकडं येतं आणि मी पण काय जादूगार नाय. स्विच टू मशीन म्हणून झकास आहे यात वाद नाय, पण सांगलीत बसून ते सांभाळायची तयारी असेल तरच.

"संपला" या बातमीचं काय करायचं

काहीच करायचं नाय. पीएस फाईव्ह बाहेर नोव्हेंबर २०२० मध्ये आला, भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला, १२ जानेवारीला प्रीऑर्डर उघडली आणि काही मिनिटांत गायब. तेव्हा चिपचा तुटवडा खरा होता, नाटक नव्हतं, पण तुटवड्याची बातमी झाली, बातमीनं ज्यांना नको होता त्यांना पण पाहिजे झाला, आणि ज्यांनी दोन-दोन उचललेले त्यांनी ४९,९९० चं मशीन वर पैसे लावून विकलं. तेव्हा सांगलीत पण "पुण्यातनं आणून देतो, वर दहा द्या" असलं चालू होतं.

तुटवडा झाला म्हणजे वस्तू भारी असं नसतं आणि ढिगानं मिळाली म्हणजे टुकार असं पण नसतं. निन्टेन्डोनं २०१६ मध्ये जुन्या गेमचा एक छोटा डबा काढला, एनईएस क्लासिक, तो मिळता मिळत नव्हता आणि काही महिन्यांत त्यांनी बनवणंच थांबवलं, बोंबाबोंब झाली. त्याच कंपनीनं जून २०२५ मध्ये स्विच टू भरपूर माल तयार ठेवून काढला आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांच्या वर विकला. उलटं उदाहरण वी यू, निन्टेन्डोचंच २०१२ चं मशीन. त्याच्या आधीचं मशीन, वी, दहा कोटींच्या वर विकलेला, आणि वी यूची जाहिरात इतकी गोंधळाची की कित्येक लोकांना वाटलं हा जुन्या वीला लावायचा टॅबलेट आहे. एकूण विकले १ कोटी ३५ लाखांच्या आसपास. म्हणजे मशीनपेक्षा लोकांच्या डोक्यात काय बसलं त्यावर बाजार चालतो, आणि हे काय आजचं नाय, १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा बसला, दुकानदार माल ठेवायला तयार होईनात, तेव्हा १९८५ मध्ये निन्टेन्डोनं मशीनबरोबर एक रोबो दिला, खेळणं म्हणून दुकानात शिरायला. त्या रोबोवर चालणारे गेम दोनच निघाले. काम झालं, रोबो गायब.

आता पैशाचं बोलू, खरा विषय हाच

जाहिरातीत एकच आकडा असतो, मशीनचा. आणि तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तोच धंदा. कंपन्या सुरुवातीला मशीन तोट्यात किंवा जेमतेम भावात देतात आणि नंतर गेम, ऑनलाईन सबस्क्रिप्शन, जादा कंट्रोलर यावर वसूल करतात, त्यांच्या स्टोअरवर दुसऱ्याचा गेम विकला तरी त्यातला साधारण तीस टक्के वाटा त्यांचा. ऑगस्ट २०२१ मध्ये सोनीनं स्वतःच सांगितलं की डिस्कवाला पीएस फाईव्ह आता तोट्यात जात नाय, म्हणजे त्याआधी जात होता.

तर हिशोब तीन वर्षांचा करा. पीएस फाईव्हचं डिस्कवालं स्लिम मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये भारतात आलं ५४,९९० ला. मोठा नवा गेम तेव्हा साधारण ४,९९९. वर्षाला चार नवे गेम धरले, फार नाय धरले, तर तीन वर्षांत बारा गेम, ५९,९८८ रुपये. मशीनपेक्षा गेम महाग पडले, एकूण १,१४,९७८, आणि यात ऑनलाईनचं सबस्क्रिप्शन आणि दुसरा कंट्रोलर धरलेलाच नाय. हा आकडा बापाला आधी सांगा. एक काका आले होते, पोराला घेऊन, मी हा हिशोब पाठीमागच्या पुठ्ठ्यावर मांडून दाखवला तर पोरगं म्हणालं "पप्पा, पण फ्री गेम पण असतात ना", आणि काका म्हणाले "मग ते मोबाईलवर खेळ की रे". मी आपला गप्प.

डिस्क का डिजिटल, यावर तर माझं मत पक्कं आहे. डिजिटल मॉडेल, म्हणजे डिस्क घालायची सोय नसलेलं, २०२४ मध्ये दहा हजारानं स्वस्त, ४४,९९० ला आलेलं, त्यामुळं ऑनलाईन सेलमध्ये तेच पुढं केलं जातं, "प्लेस्टेशन इतक्या कमी भावात" वगैरे. पण दहा हजार म्हणजे दोन नवे गेम फक्त. डिस्क असली की गेम संपवून विकता येतो, मित्राबरोबर बदलता येतो, आपल्या सांगली-मिरजेत तर एक डिस्क पाच घरं फिरते. डिजिटलवर घेतलेला गेम तुमच्या अकाउंटमध्ये गाडला गेला, संपला विषय. कंपन्यांना हे चांगलं माहितीय. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर करताना जुन्या गेमच्या देवाणघेवाणीवर बंधनं आणायचं ठरवलेलं, भाव पण ४९९ डॉलर, त्याच वर्षीच्या ई-थ्रीमध्ये सोनीनं पीएस फोर ३९९ ला जाहीर केला आणि वर एक अर्ध्या मिनिटाच्या आतला व्हिडिओ टाकला, गेम शेअर कसा करायचा ते शिकवणारा. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, संपला व्हिडिओ. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला ती बंधनं मागं घ्यायला लागली. लोकांची गरज नेमकी पकडली की जाहिरातीला खर्च पण लागत नाय. आणि तीच सोनी आता डिजिटल मॉडेल पुढं करते, हे पण लक्षात ठेवा.

"थांबलं की स्वस्त होतं" हे जुनं गणित आता चालत नाय. पीएस टू अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ ला मिळायला लागला. पीएस फाईव्हचं उलट, भारतात २०२२ च्या शेवटी भाव पाच हजारानं वाढला, अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलरनं. म्हणून वर्षानुवर्षं थांबायचं नाय, सेलला थांबायचं. सोनीचा डेज ऑफ प्ले मे-जूनच्या सुमाराला असतो, आणि दसरा-दिवाळीचे ऑनलाईन सेल. भाव आधी महिनाभर बघून ठेवा, स्क्रीनशॉट काढून ठेवा, नाहीतर खोडलेला मोठा आकडा बघून फसता.

नो कॉस्ट ईएमआयचं एक सांगतो. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट आधी देतो म्हणून ते शून्य दिसतं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातनं जाते, आणि कधी कधी ईएमआय घेतला की रोखीवरचा डिस्काउंट मिळत नाय. दोन्ही बिलं शेजारी ठेवून बघा.

दुकानातला टीव्ही

शोरूममध्ये कन्सोल ज्या टीव्हीवर लावलेला असतो तो ५५ किंवा ६५ इंची फोरके असतो, ब्राइटनेस फुल, रंग भडक, आणि लावलेला गेम एकतर स्पायडरमॅन नाहीतर फुटबॉल. संध्याकाळी दप्तर पाठीला लावून पोरं तिथंच उभी. घरी ३२ इंची एचडी रेडी टीव्ही असेल तर ते चित्र घरी दिसणार नाय, साधी गोष्ट आहे. पीएस फाईव्हच्या सुरुवातीच्या बॉक्सवर तर "८के" पण छापलेलं असायचं, नंतरच्या बॉक्सवरनं ते गुपचूप गेलं. बॉक्सवरचे आकडे आपल्या टीव्हीच्या मागच्या स्टिकरशी जुळतात का बघा, फोरकेमध्ये सेकंदाला १२० फ्रेम पाहिजे असतील तर टीव्हीला एचडीएमआय २.१ पोर्ट लागतं. जुळत नसतील तर एक्सबॉक्स सीरिज एससारखं छोटं मशीन किंवा चांगल्या अवस्थेतला जुना पीएस फोर पण बास होतो, फक्त यूट्यूबवर त्याची हवा कुणी करत नाय एवढंच.

क्रिकेटसाठी घेणार असाल तर अजून थांबा जरा. फुटबॉलचा गेम दरवर्षी येतो, जाहिरात येते, खेळाडू येतात. ईए स्पोर्ट्सनं क्रिकेट ०७ नंतर कन्सोलला मोठा क्रिकेट गेम काढलाच नाय, आणि तो होता २००६ चा, पीसी आणि पीएस टूवर. आता बिग अँट कंपनीचे गेम आहेत, क्रिकेट २४ वगैरे, आधी मित्राकडं किंवा गेम पार्लरमध्ये तासभर खेळून बघा आणि मग ठरवा. तसं २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आला तेव्हा अक्षय कुमार आणि युवराज सिंग दोघांना ब्रँड अॅम्बेसेडर केलेलं, तरी आमच्याकडं त्या वेळी चालला तो चिप मारलेला, म्हणजे कॉपी केलेल्या सीड्या चालवणारा पीएस टू, कारण पन्नास रुपयात गेमची सीडी मिळायची.

सेकंडहँड घेणार असाल तर हवा उलटी वापरा

नवं मॉडेल जाहीर झालं की जुनी मशीनं विकायला निघतात, आणि जून लागला, पोरगं बारावीला गेलं की घरोघरचे कन्सोल बाहेर पडतात, आमच्याकडं क्लासेसचा जोर आहे त्यामुळं हे दरवर्षीचं ठरलेलं. तेव्हा घ्या. मोठ्या गेमच्या आधीच्या महिन्यात घेऊ नका, तेव्हा विकणारा पण यूट्यूब बघून भाव लावतो.

जाताना आपल्या एका गेमची डिस्क बरोबर न्या. एचडीएमआयची पिन लावून हळूच हलवा, चित्र गेलं तर पोर्ट ढिला आहे, तो खर्च भावातनं कमी करून घ्या. डिस्क घालून बाहेर काढा दोनदा. सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोलर स्टिकला हात न लावता टेबलावर ठेवून बघा, ड्रिफ्ट असेल तर लगेच कळतो. अर्धा तास गेम चालू ठेवून मागं हात लावा, गरम हवा जोरात येत असेल तर ठीक, हवाच येत नसेल तर आत धूळ बसलीय. आणि तुमच्या समोर त्याचं अकाउंट काढून, रिसेट मारून, तुमच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तुमच्या अकाउंटनं ऑनलाईन लॉगिन करा. लॉगिन होत नसेल तर मशीन कंपनीनं बॅन केलेलं असू शकतं, मग कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. बिल मागा, सिरीयल नंबर बिलाशी जुळवा, आणि बिल हरवलंय म्हणाला तर भाव परत पहिल्यापासनं बोलायला घ्या.